तुम्ही विचारलंत म्हणून: इलेक्ट्रॉन नेमका कुठून गेला?

माझं काम कळलं की बहुतेक जण हेच विचारतात: इलेक्ट्रॉन एकाच वेळी दोन वाटांनी जातो, हे तुम्ही स्वतः पाहिलंय का?

मी पाहते ती पडद्यावरची एक रेघ. चुंबकीय क्षेत्र सावकाश वाढवत नेलं की चिपचा रोध वर चढतो, खाली येतो, पुन्हा चढतो. पहिल्यांदा ती रेघ उमटली तेव्हा पहाट होईस्तोवर मी खुर्ची सोडली नव्हती.

आमच्या चिपमध्ये गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाच्या थरांत इलेक्ट्रॉन एका सपाट प्रतलात कोंडलेले असतात. कडाक्याची थंडी आणि जबरदस्त चुंबकीय क्षेत्र असलं की मधला भाग वीज वाहायचं थांबवतो. प्रवाह फक्त कडेकडेनं आणि एकाच दिशेनं जातो. 1980 साली जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना ग्रेनोबलमध्ये हॉल रोधाच्या (प्रवाहाला आडव्या दिशेनं मोजलेल्या रोधाच्या) अचूक पायऱ्या दिसल्या, त्यांच्या मुळाशी हेच आहे.

आता चिपवरच्या धातूच्या बारीक पट्ट्यांना ऋण व्होल्टेज दिलं की खालचे इलेक्ट्रॉन बाजूला सरतात आणि समोरासमोरच्या दोन कडा जवळ येतात. मधे अडथळा असतोच, तरी एखादा इलेक्ट्रॉन तो पार करून पलीकडच्या कडेवर पोहोचतो. हेच टनेलिंग. असे दोन चिमटे लागोपाठ ठेवले की प्रश्न उभा राहतो: तो पहिल्या चिमट्यातून पलीकडे गेला की दुसऱ्या? दोन्ही शक्यतांच्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि रेघ हेलकावते. मधल्या वेढ्याचं क्षेत्रफळ एक चौरस मायक्रॉन असेल, तर क्षेत्र सुमारे 4.1 मिलिटेस्लानं बदललं की एक हेलकावा पुरा होतो. चिप जरा तापवली की रेघ सपाट!

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते याच्या पुढचं. 2020 मध्ये पर्ड्यू विद्यापीठात मायकेल मॅनफ्रा यांच्या गटानं असाच वेढा एक-तृतीयांश अवस्थेत मोजला; म्हणजे प्रबळ चुंबकीय क्षेत्रात सगळे इलेक्ट्रॉन मिळून जी वेगळीच अवस्था धरतात तीत. तिथे फिरतो तो इलेक्ट्रॉनच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा विद्युतभार असलेला अर्धकण; म्हणजे अर्धा कण नव्हे, तर अनेक इलेक्ट्रॉनांच्या एकत्र वागण्यातून उभा राहणारा, कणासारखा वागणारा घटक. हेलकावे नीट चाललेले असताना मधेच रेघ निसटायची, पूर्ण आवर्तनाच्या एक-तृतीयांशानं. आत आणखी एक अर्धकण शिरला होता. कडेवरून जाणाऱ्यानं त्याला स्पर्शही केला नव्हता, नुसता वेढा घातला होता. इलेक्ट्रॉनभोवती इलेक्ट्रॉन फिरवला तर अशी खूण उरत नाही.

तर वाट मी पाहिलेली नाही. दोन्ही वाटा जमेस धरल्याशिवाय ती रेघ मांडता येत नाही, हे मात्र रोज पाहते.