कितवी स्टेज होती?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. धाकट्या भावाला एएमएल, म्हणजे अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया झाला होता हे कळलं, की पहिला प्रश्न हाच येतो. या कॅन्सरला पहिली-दुसरी अशा स्टेज नसतातच. अस्थिमज्जेत सुरू होतो आणि रक्ताबरोबर अंगभर फिरतो.

मग आवाज खाली जातो: ‘वाचतात का?’ अमेरिकेतले आकडे म्हणतात, पाच वर्षांनी दहातले साधारण तीन. पण त्या सरासरीत विशीतली पोरंही आली आणि ऐंशीचे आजोबाही. तरुणांना आशा बरीच जास्त, साठीनंतर ती झपाट्यानं उतरते. एपीएल हा उपप्रकार निघाला आणि सुरुवातीचा रक्तस्रावाचा धोका टळला, तर दहातले नऊ जण बरे होतात, तेही ट्रेटिनॉइन आणि आर्सेनिकवर. हो, तोच आपला सोमल!

तेव्हा विचारायचंच तर जनुकांच्या रिपोर्टचं विचारा. एनपीएम-१ या जनुकातला बदल एकटाच असला तर बरं. एफएलटी-३मध्ये बदल असेल तर किमोच्या जोडीला वेगळी गोळी. टीपी-५३ बदललेला दिसला की डॉक्टरही शब्द जपून वापरतात.

भावाला ‘सेव्हन प्लस थ्री’ ही किमो दिली: सायटाराबीन सात दिवस, डॉनोरुबिसिन तीन दिवस. 1970च्या दशकापासून हेच चालत आलंय. औषध संपतं तेव्हा खरे दिवस सुरू होतात. पांढऱ्या पेशी शून्याला टेकतात, ताप कधीही चढतो, प्लेटलेट रोज मोजायच्या. आमच्या वाट्याला नेमका मे महिना आला. कॉलेजं बंद, अर्धं पुणं गावाला, रक्तपेढीत टंचाई. प्लेटलेट पाचेक दिवसच टिकतात, त्यामुळे साठा करून ठेवता येत नाही. शेवटी त्याच्या ढोल पथकातली पोरं एसडीपीला, म्हणजे एकाच दात्याच्या प्लेटलेट मशीनवर काढतात त्यासाठी, आली. एकाला परत पाठवलं, कारण आदल्या दिवशी डोकं दुखलं म्हणून त्यानं अ‍ॅस्पिरिन घेतली होती. बाकीचे तास-दीड तास मशीनला हात देऊन गप्पा हाणत बसले.

रेमिशन आलं, म्हणजे तपासणीत रोग दिसेनासा झाला, म्हणून थांबता येत नाही, रोग परततो. पुढची किमो, नाहीतर दुसऱ्याच्या अस्थिमज्जेचं ट्रान्सप्लांट. सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक, माझं जुळलं. आता तो कामावर जातो.

‘सत्तरीच्या माणसाला कशाला त्रास?’ असंही विचारतात. त्यांच्यासाठी अ‍ॅझासिटिडीन आणि व्हेनेटोक्लॅक्स ही औषधांची जोडी आहे. 2020च्या चाचणीत नुसत्या अ‍ॅझासिटिडीनवर निम्मे रुग्ण दहा महिन्यांच्या आत गेले, दोन्ही मिळून दिल्यावर तीच वेळ पंधरा महिन्यांच्या आसपास आली. हे पाच महिने थोडे की पुष्कळ, ते त्या माणसालाच विचारा, सुनेला नको.

आणि भेटायला जाऊ का? पांढऱ्या पेशींचा काउंट खाली असताना नको. डबा दारात द्या, ताजा, गरम. कोशिंबीर घालू नका.