दोघांतल्या एकासाठी वस्ती

सोमवार, रात्री

आज तीन वस्त्या पाहून आलो. लेकीने गाडीतून फिरवलं, आणि तिथेच चुकलं. गाडीच्या काचेतून सगळ्याच वस्त्या छान दिसतात. झाडं, नुकत्याच रंगवलेल्या भिंती, फाटकावर सलाम करणारा पहारेकरी. "आई, इथे लिफ्ट आहे, जनरेटर आहे, क्लब हाउस आहे," लेक सांगत होती आणि मी मान हलवत होते. यांनी मात्र प्रत्येक ठिकाणी एकच विचारलं, "इथून पोस्टात चालत जायला किती वेळ लागेल?" लेकीला कळेना. "बाबा, पोस्टात कशाला जायचंय? सगळं मोबाइलवर होतं की."

होतं. पण यांना पोस्टात जायचंच नव्हतं. घराबाहेर पडायला एखादं निमित्त हवं, आणि ते पायांच्या टप्प्यात हवं, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

मी सदुसष्टची, हे बहात्तरचे. वस्ती कधी निवडावी लागते हेच विसरले होते मी. तेव्हा नोकरी जवळ, मुलीची शाळा जवळ, भाडं परवडतंय, झालं. बाकी सगळं राहता राहता आपलं झालं. आता नोकरी नाही, शाळा नाही. मग जवळ काय हवं? दिवसभर उत्तर सुचलं नाही.

मंगळवार

इतक्यात विकत काही घ्यायचं नाही, असं ठरवलं. जुनं घरही विकायचं नाही. आधी महिनाभर भाड्याने राहू. लेक थोडी रुसली. तिच्या इमारतीतच एक घर रिकामं आहे, तिथे का नाही, हा तिचा प्रश्न. प्रश्न चुकीचा नाही. पण जावयांची बदली झाली की मग? त्यांच्या मागे आपण पुन्हा बोचकी बांधायची का? लेक जवळ हवीच, पण तिच्याकडे जाणारी थेट बस असली, मध्ये बदलावी लागली नाही, तरी मला पुरे. हे तिला सांगताना माझा आवाज जरा चढलाच. नको होता चढायला.

गुरुवार

भाड्याचं घर जुन्या वस्तीत मिळालं. पहिला मजला, लिफ्ट नाही, अठरा पायऱ्या. कठडा एकाच बाजूला, आणि तो उतरताना यांच्या डाव्या हाताला येतो. गुडघाही डावाच दुखतो. कठडा दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूला असला तर बरं पडतं. घर बघायला येताना हे कुणाच्या ध्यानात येतं?

आज मोजमाप केलं. टेपने गल्लीत दहा मीटर आखले आणि यांना नेहमीच्या चालीने चालायला लावलं. साडेबारा सेकंद. म्हणजे सेकंदाला ०.८ मीटर. बऱ्याच देशांत पादचाऱ्यांचा हिरवा दिवा सेकंदाला १.२ मीटर धरून लावतात. इंग्लंडमधल्या २०१२ सालच्या एका अभ्यासात ६५ वर्षांवरच्या पुरुषांचा सरासरी वेग ०.९ आणि बायकांचा ०.८ निघाला होता. म्हणजे दोष यांच्या गुडघ्याचा नाही, दिव्याचा आहे. पंधरा मीटरचा रस्ता त्या हिशोबाने साडेबारा सेकंदांत संपायला हवा, यांना एकोणीस लागतात. उरलेले सहा-सात सेकंद हे समोरच्या गाड्यांच्या मेहेरबानीवर.

मी हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे मी आता घड्याळाच्या मागे पडलो म्हण की." हसत होते, पण संध्याकाळी मोठ्या चौकाकडे फिरकले नाहीत. मोजलं नसतं तर बरं झालं असतं का? कोण जाणे.

शनिवार

ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते इथे लिहून ठेवते. यांना प्रोस्टेटचा त्रास आहे, दर दीड तासाला जावं लागतं. त्यामुळे आमच्या फिरण्याचा नकाशा बागा-देवळांवर ठरत नाही, स्वच्छतागृहांवर ठरतो. या वस्तीत एक वाचनालयात आहे आणि एक बसथांब्याजवळ, तेही रात्री बंद असतं. लेकीने सोमवारी दाखवलेल्या नव्या संकुलात मात्र क्लब हाउसमध्ये स्वच्छ, उजेडाचं, कठडा लावलेलं आहे. त्या बाजूला एक मोठा गुण द्यावा लागला.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली ३३ शहरांतल्या वडीलधाऱ्यांना विचारून वयस्कांसाठी शहर कसं असावं ते मांडलं, त्यातही बसायची जागा आणि स्वच्छतागृहं होतीच. मला त्याचं बरं वाटलं. वाटायचं, आपलंच काहीतरी कमी पडतंय.

बाकी बाकं मोजली. चांगली चार, एक मोडकं. चार बाकांच्या मधली अंतरं यांना झेपतात.

रविवार, रात्री

संध्याकाळी दिवे लागल्यावर मुद्दाम बाहेर पडले. साठीच्या डोळ्यांच्या आतल्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्यांच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. लेकीला जो रस्ता 'छान उजेडाचा' वाटतो तो मला विहिरीसारखा वाटतो तो उगीच नाही. इथली फरशी दोन ठिकाणी उखडली आहे. दिवसा ती दिसते, रात्री बोटाला लागल्यावर कळते. कुठलीही वस्ती दिवसा बघून पसंत करू नये.

इस्पितळाचंही पाहिलं. नुसतं जवळ असून भागत नाही. मेंदूत गुठळी अडकून झटका आला, तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना हे बघावं लागतं. म्हणून फोन करून विचारलं, "रात्री दोन वाजता सीटी स्कॅन होतो का?" पलीकडची मुलगी घाबरून म्हणाली, "आजी, आता काय होतंय तुम्हाला?" तिला म्हटलं, बाई, काही होत नाहीये म्हणूनच आत्ता विचारतेय. होतो म्हणाली.

मंगळवार, पहाटे

झोप नाही. जे मी आठवडाभर टाळत होते ते शेवटी समोर आलंच.

मी वस्ती दोघांसाठी बघतेय. पण दोघं किती वर्षं? कधीतरी यातला एकजण मागे राहणार, आणि ही वस्ती खरं तर त्या मागे राहिलेल्यासाठी निवडायची आहे. बहुतेक माझ्यासाठी. गाडी हे चालवतात, मला येत नाही. आणि चालवणाऱ्यांचंही काय? अमेरिकेत २००२ साली एक हिशोब प्रसिद्ध झाला होता. सत्तरी ओलांडलेल्या, तेव्हा गाडी चालवणाऱ्या पुरुषांना आयुष्याची शेवटची सुमारे ६ वर्षं, आणि बायकांना सुमारे १० वर्षं, प्रवासासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहावं लागेल. संकुलाच्या फाटकापासून मोठ्या रस्त्यापर्यंत दीड किलोमीटर आहे. क्लब हाउस सोडलं तर तिथे चालत जावं असं काही नाही. गाडी आणि हे, दोन्ही नसतील तेव्हा त्या देखण्या जागेत मी काय करणार? गॅलरीतून झाडं बघणार.

आणि माणसं? या वयात मैत्री कशी होते? जेफ्री हॉल नावाच्या संशोधकाने मोजलंय, तोंडओळखीचं रूपांतर घट्ट मैत्रीत व्हायला सोबत घालवलेले २०० तास तरी लागतात. आठवड्याला एक तास भेटलं तर चार वर्षं. बाकावर रोज अर्धा तास बसलं तर वर्षाच्या थोडं पुढे. चार वर्षं मला परवडणार नाहीत. शिवाय दारं कुठे उघडतात यावरही असतं. लिऑन फेस्टिंगर आणि त्याच्या सोबत्यांनी १९५० साली विद्यार्थ्यांच्या वसाहतीबद्दल लिहिलं, त्यात शेजारच्या दारातल्या माणसाला जवळचा मित्र म्हणणारे ४१ टक्के होते आणि मजल्याच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला म्हणणारे १० टक्के. म्हणजे जीव लावणारी माणसं शोधायची नसतात, जिन्यात भेटायची असतात. आमच्या अठरा पायऱ्यांना मी इतके दिवस नावं ठेवतेय. खालच्या मजल्यावरच्या बाई काल त्याच पायऱ्यांवर दम खात बसल्या होत्या, म्हणून तर बोलणं झालं.

तरी या वस्तीचं कौतुक करवत नाही. भोंगे आहेत, उखडलेली फरशी आहे, गुडघा आणखी बिघडला की त्या अठरा पायऱ्या म्हणजे तुरुंग. तळमजला मिळाला तरच. हे ठरलं.

बुधवार

यांना पहाटेचं सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील. बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "अगं, मी पोस्टाचं का विचारत होतो मग?"

म्हणजे हेही तेच करत होते. मला एकटीला चालत कुठे जाता येईल ते बघत होते. आणि मी कठडे मोजत होते त्यांच्यासाठी.

मग ठरलं की आजवर सगळीकडे जोडीने गेलो, ती परीक्षाच खोटी. एकेकट्याने जाऊन यायचं. आज हे, उद्या मी. वाचनालयापर्यंत, मोठा चौक ओलांडून, फोन घरी ठेवून. फोन ठेवायचं माझं नव्हतं, त्यांचंच.

पाच दहाला निघाले. जायला-यायला फार तर पन्नास मिनिटं. आता साडेसहा. फोन टेबलावर पडलाय, लेकीचा एकदा वाजून गेला, उचलला नाही, काय सांगणार? दोनदा चपला घातल्या आणि काढल्या. दिवे लागलेत.

आत्ता जिन्यात आवाज आला. यांचाच. चढत नाहीयेत, खालीच थांबलेत. त्या बाईंना सांगतायत, वाचनालय गुरुवारी बंद असतं म्हणून. उद्या माझी पाळी, आणि उद्या गुरुवार.