एमजी पीए: डायनामो पुन्हा तेलात

परवा आजोबांची एमजी पीए, म्हणजे 1934 च्या सुमाराची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घेऊन कात्रजवरून येताना ॲमीटरची सुई शून्यावर आडवी झाली. डायनामो, म्हणजे गाडीचं वीज बनवणारं यंत्र, बंद पडलं, तेव्हाच पोटात गोळा आला. घरी येऊन डायनामोच्या झाकणाचा पट्टा सरकवला, आतून वीज बाहेर आणणारे कार्बन ब्रश उपसले. दोन्ही भज्यांसारखे तेलात निथळत होते. मागच्या वेळी तेल अडवायला शाफ्टवर नवं सील बसवलं, त्याचं एवढं कौतुक केलं, आणि त्याला जेमतेम 70 किलोमीटर झालेत!

ओव्हरहेड कॅमवाल्या जुन्या एमजींचं हे जन्माचं दुखणं. डायनामो इंजिनसमोर उभा, आणि इंजिनच्या माथ्यावर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचं ड्राइव्ह त्याच्याच आर्मेचरमधून, म्हणजे आतल्या फिरत्या भागातून, वर जाणार. वर हेडमधलं, म्हणजे इंजिनच्या माथ्यातलं, तेल, खाली कॉम्युटेटर, म्हणजे ब्रश जिच्यावर घासतात ती तांब्याची कडी. 847 सीसीचं इतकं गोड इंजिन करून वर हा उपद्व्याप ज्याला सुचला, त्याला कुणी अडवलं कसं नाही?

पहिल्यांदा सीलवाल्यालाच शिव्या घातल्या. इंग्लंडहून मागवलेलं, कस्टम ड्यूटी धरून किंमत घरात सांगितलेली नाही. पण उघडल्यावर सील धडधाकट निघालं. स्प्रिंगची बाजू वर, तेलाकडे, म्हणजे बसवलंही बरोबर. मग शाफ्टवर नख फिरवलं आणि ते टचकन अडलं. बारीक खाच, गोल सगळीकडून. नव्या सीलचा ओठ नेमका तिच्यातच बसत होता.

भोसरीचा टर्नर म्हणाला, हार्ड क्रोम करून ग्राइंड करू, तीन आठवडे लागतील. शाफ्ट फडक्यात गुंडाळून निघालोही होतो. तेवढ्यात आत्याचा फोन. तिला रडगाणं ऐकवलं तर हसायलाच लागली. ‘अरे, अण्णा तिथं आईच्या लुगड्याची चिंधी बांधायचे. दर रविवारी बदलायचं काम माझं.’ म्हणजे आजोबांनी देवळालीच्या गोऱ्या साहेबाकडून गाडी घेतली, तेव्हापासूनच ही गळतेय.

चिंधी नाही बांधली, पण जिन्यात उभ्या उभ्याच सुचलं: शाफ्ट कशाला हलवायचा, सीलच हलवू! हाउसिंगमध्ये मोजून 3 मिलिमीटर जागा होती. टर्नरकडून 2 मिलिमीटरची ॲल्युमिनियमची रिंग काढून सीलमागे घातली. आता ओठ कोऱ्या पोलादावर फिरतो. खर्च दीडशे रुपये, चहा धरून.

कॉम्युटेटर धुतला, हॅकसॉच्या घासलेल्या पात्याने तांब्याच्या पट्ट्यांमधल्या फटींतला मायका (अभ्रक) खरवडला. हे काम मला आवडतं, दुपार कशी जाते कळत नाही. टायमिंगची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ चुकण्याची, धास्ती होती, पण शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगवर अण्णांनी कानशीने केलेल्या दोन खुणा अजून शाबूत आहेत. त्या जुळवल्या, तिसऱ्या हँडलला इंजिन लागलं. सुई थेट 6 अँपिअरवर!

चाळीस मिनिटं चालवून खाली टिश्यू धरला. एक ठिपका आला, मोहरीएवढा. हेडला तेलच जास्त जातंय की काय, असं आता वाटायला लागलंय. या रविवारी खंबाटकी करायचा बेत होता, तो रद्द. आधी हेडच्या तेलाची लाइन उघडतो.