तिसऱ्या मॉनिटरची केबल

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. इंदूरच्या लोकमान्य नगरमधले एक काका घरूनच शेअर दलालीचं काम बघतात. टेबलावर चार मॉनिटर, चारही एकाच ग्राफिक्स कार्डावर, म्हणजे स्क्रीनवर चित्र पाठवणाऱ्या कार्डावर. बाजार सव्वानऊला उघडतो, आणि त्यांचा फोन त्याच्या जरा आधी आला. "अरे, परत सगळं काळं झालंय. सौदे अडकलेत, आधी इकडे ये."

त्रास जुना होता. चालू बाजारात स्क्रीन काळ्या व्हायच्या, क्षणभराने परत यायच्या. मग हिरवे ठिपके दिसू लागले. शिवाय काही वेळा सकाळी मशीन उठायचंच नाही. पंखे फिरत, स्क्रीनवर काही नाही. भिंतीतले सगळे प्लग काढून थोड्या वेळाने लावले की सुरू. आधीच्या माणसाने विंडोज फॉरमॅट केलं, मग एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बदलला, दोन्हीचे पैसे घेतले. इंदूरमध्ये "कार्ड उड़ गया" म्हणणारे पुष्कळ आहेत, पण मल्टिमीटर बाहेर काढणारे थोडे.

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची बिघाडांची वही, उघडली तर ४१०१ क्रमांकाच्या नोंदींची रांग लागली होती. विंडोज कार्डाच्या उत्तराची साधारण दोन सेकंद वाट बघतं, ते आलं नाही की ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, पुन्हा सुरू करतं. एवढ्यावरून ड्रायव्हर कोसळतोय हे कळतं, का कोसळतोय ते नाही. म्हणून मी स्क्रीनशॉट घेतला आणि तो माझ्या मोबाइलवर उघडला. ठिपके त्यातही होते, म्हणजे मॉनिटर निर्दोष. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये शिरलो, एकच मॉनिटर आणि माझी स्वतःची केबल लावून. तिथे विंडोज नाही, ड्रायव्हर नाही, तरी ठिपके. कार्डाची मेमरी गेली होती, यात मला शंका उरली नाही.

कार्ड काढून उघडलं. चिप्सची उष्णता बाहेर नेणारे थर्मल पॅड सुकून तुटत होते, चिप्सभोवती तेलाचे डाग पसरलेले. त्याआधी जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये मेमरीचा वेग कंपनीच्या आकड्याशी जुळला नव्हता. कोणीतरी कार्डाचं स्वतःचं बायोस, म्हणजे त्याच्या आतला प्रोग्राम, बदललं होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे अशा कार्डांवर गणितं चालवून ते कमावणं, बंद झालं आणि रात्रंदिवस राबवलेली अशी कार्डं स्वस्तात बाजारात आली. काकांना हे "ओपन बॉक्स", म्हणजे फक्त खोकं उघडलेलं, जवळपास नवंच, म्हणून विकलं होतं. असं विकणाऱ्यांचा मला राग येतो. गिऱ्हाईक कार्ड उघडून बघणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. वर चार मॉनिटर, त्यातला एक ७५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ७५ वेळा चित्र बदलणारा, आणि बाकीचे ६०चे. अशा मिश्र जोडणीत बरीच कार्डं मेमरीचा वेग खाली आणतच नाहीत. नुसता डेस्कटॉप दिसत असला तरी मेमरी पूर्ण वेगाने चालते आणि तापते. इंदूरच्या मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत तर विचारूच नका.

माझं चाचणीचं कार्ड बसवलं. चारही स्क्रीन दिवसभर स्वच्छ. काका खूश, मीही निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत फोन. मशीन उठत नव्हतं. "तुझंही कार्ड गेलं की काय रे?"

माझं कार्ड चांगलं होतं, हे मला माहीत होतं. तेव्हा आता मी कॅबिनेटचा प्लग भिंतीतून पूर्ण काढला, मॉनिटर मात्र चालू ठेवले. आत डोकावलो तर मदरबोर्डवरचा बारीक दिवा मंद जळत होता! वीज कुठून येतेय? एकेक केबल काढत गेलो. तिसऱ्या मॉनिटरची लांब डिस्प्लेपोर्ट केबल काढली आणि दिवा विझला.

डिस्प्लेपोर्टच्या विसाव्या पिनवर ३.३ व्होल्ट असतात. ते अडॅप्टरसारख्या वस्तूंसाठी. मॉनिटरच्या साध्या केबलमध्ये त्या पिनची तार जोडलेलीच नसावी, असं डिस्प्लेपोर्टचे नियम ठरवणाऱ्या व्हेसा संस्थेचं मानक सांगतं. स्वस्त केबलवाले ती जोडून टाकतात. मग चालू मॉनिटरमधून बंद मशीनमध्ये उलटा करंट शिरतो आणि सकाळी मशीन नीट रीसेट होत नाही. मल्टिमीटरच्या टोकाला बारीक सुई बांधून मी दोन्ही टोकांच्या विसाव्या पिना तपासल्या. बीप वाजला, म्हणजे तार जोडलेली. बाकीच्या केबलींवर नाही.

ती केबल काढल्यावर मशीन पहिल्याच दाबात सुरू झालं.

पण मेमरी कोणी मारली? मायनिंगने, उष्णतेने, की रोज रात्री मागून शिरणाऱ्या त्या ३.३ व्होल्टने? डाग आणि बदललेलं बायोस मायनिंगकडे बोट दाखवतात. मात्र अशा उलट्या करंटने कार्ड खराब होऊ शकतं, हेही खरं. मेलेल्या कार्डावरून हे वेगळं करून सांगण्याची सोय माझ्या टेबलावर नाही, आणि तेच मला अजून सतावतंय.

काकांना मात्र उत्तर हवं होतं, कारण कार्ड आणि केबल दोन्ही एकाच दुकानातली. "बिलावर लिही, केबलमुळे कार्ड गेलं. बघतोच त्याच्याकडे." मी लिहिलं: कार्डाची मेमरी सदोष, बायोस बदललेलं, केबलमध्ये पिन २० जोडलेली. काका बराच वेळ वाद घालत होते. मी मोजलं होतं त्यापलीकडचं एक अक्षरही बिलावर घातलं नाही.