तुम्ही विचारलंत म्हणून: भाता अजून का?

"कार्बाइडच्या, म्हणजे पोलादाहून कडक टोकाच्या, छिन्न्या बाजारात मिळतात, मग अजून भाता पेटवून का बसता?" पंचवटीतल्या आमच्या दगड कोरायच्या शेडमध्ये येणारा प्रत्येक जण हेच विचारतो.

कार्बाइड माझ्याकडेही आहे. पूर्वी मी ठासून सांगायचो, तिला हात लावणार नाही. आज ते पटत नाही. काळाराम, गोंदेश्वर ही मंदिरं ज्या काळ्या पाषाणात उभी आहेत, तो मापात आणताना पोलादी टोक पटकन बोथटतं, कार्बाइडचं टिकतं. पण बारीक नक्षीत मला पोलादच लागतं. ते माझ्या हातानं घडवता येतं, पाकळीला हवं तसं.

साध्या ग्राइंडरवर घाईनं घासून टोक निळं पडलं, की छिन्नीचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलंच. निळा रंग म्हणजे ३०० अंशांच्या आसपास. म्हणून भाता. टोक लाल करून ठोकायचं, तेवढंच पाण्यात बुडवून कडक करायचं, पटकन घासून उजळायचं. मागची धग पुढे सरकते तसा पिवळा रंग येतो, मग तपकिरी. तिथं पुन्हा बुडवायची.

पण सगळे धारेचंच विचारतात. डोक्याचं कुणी विचारत नाही.

हातोडीच्या माराने छिन्नीचं डोकं फुलतं, कडा बाहेर वळतात, त्यांची कपची उडू शकते. एका कामावर मामा डोकी घासायला बसले, तर मुकादम म्हणाला, "ते नंतर. आधी दगड बसवा." दुपारी मामांनी डोळा धरला. कच गेली असेल म्हणून आम्ही पाणी मारलं. मामा म्हणत होते, "दगड नाही रे, हे गरम लागलं." संध्याकाळी दवाखान्यात फोटो काढला, तेव्हा पोलादाची कपची दिसली. डावा डोळा गेला. त्यानंतरही मामांनी कमळं कोरली, पण हातोडीचा पहिला घाव घालायला त्यांना किती वेळ लागायचा, ते मी शेजारी बसून पाहिलंय. कुणी छिन्नी दिली, की आधी तिच्या डोक्यावरून अंगठा फिरवायचे.

चष्मा घालावा, म्हणाल. घालतो, पोरांनाही घालायला लावतो. पण कार्बाइड असते फक्त टोकाला; डोकं पोलादाचंच, तेही फुलतं. नवी छिन्नी घेतली म्हणून निगा सुटत नाही, एवढं तरी माझं ऐका.

भात्याचं मात्र मुलाला अजून पटवता आलेलं नाही. कोळसा आणायची वेळ आली, की आमचा वाद पुन्हा सुरू होतो.