दोन खटक्यांची खिडकी

रेल्वेच्या जुन्या डब्यातला पंखा नुसत्या बटणाला दाद देत नसे. बटण दाबलं की तो गुरगुरायचा, हलायचा नाही. मग वरच्या बर्थवरचं कुणीतरी खिशातला कंगवा काढून जाळीतून आत घालायचं, पात्याला एक टिचकी द्यायचं आणि स्वारी फिरू लागायची. असा पंखा लंपास करून घरी नेणारा फसलाच समजा. गाडीतली वीज घरच्यासारखी नव्हे; ११० व्होल्टची, तीही डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. डब्याखालचा डायनामो पट्ट्याने चाकांच्या आसाला जोडलेला असायचा. गाडी धावली की वीज तयार, जास्तीची बॅटरीत. त्यामुळे सिग्नलला गाडी फार खोळंबली आणि बॅटरी थकलेली असली, की दिवे आधी पिवळे, मग तांबूस होत आणि पत्त्यांचा डाव आपोआप आवरता घ्यावा लागे.

खरी गंमत खिडकीची. काचेची एक झडप, पट्ट्यापट्ट्यांची दुसरी. उघडायची तर दोन्ही कडांचे खटके एकदम दाबून वर ढकलायची. एक खटका सुटला नि दुसरा अडला की झडप तिरकी होऊन ठाण मांडून बसे. मग समोरचा माणूस न बोलावता उठून दुसरा खटका धरायचा. ‘कुठपर्यंत?’ हा प्रश्न त्यानंतर यायचा. वर गेलेल्या झडपेचा खटका नीट बसला नाही, तर ती थेट बोटांवर. लहान मुलांना गजांपाशी बसू देताना आया आधी झडप हलवून बघत, ते उगाच नव्हे.

मधल्या बर्थचं राजकारण वेगळंच. दिवसा तो सगळ्यांची पाठ, रात्री साखळ्यांना अडकवला की एकाचा पलंग आणि खालच्यांच्या माना वाकलेल्या. कुणाला लवकर झोपायचं असे, कुणाचा डबा नुकता उघडलेला असे. ‘लावायचा का आता?’ हे तीन शब्द किती नम्रपणे उच्चारता येतात, ते तिथे ऐकावं.

चेन्नईतल्या पेरांबूरच्या कारखान्यातून १९५५ पासून बाहेर पडणारे हे जुन्या वळणाचे डबे २०१८ मध्ये बनायचे थांबले. नवे डबे अपघातात सहसा एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून मला जुने परत नकोत. पण सुधारणा म्हटलं की मला आठवतात मधू दंडवते. तिसरा वर्ग १९७४ मध्ये कागदावरून गेला, तरी दुसऱ्या वर्गात झोपायच्या फळ्या लाकडीच राहिल्या. राजापूरचे हे खासदार १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि त्या फळ्यांवर दोन इंच फोम आला. वर रेक्झिन, उन्हाळ्यात मानेला चिकटणारं. म्हणून मग दंडवत्यांच्या दोन इंचांवर घरची सतरंजी अंथरल्याशिवाय आमच्याकडे कुणी पाठ टेकत नसे.