तुम्ही विचारलंत म्हणून: तीन अंड्यांचा हिशेब

जालन्यात परतल्यापासून हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. लग्नात, दवाखान्यात, रविवारी चर्चची उपासना सुटल्यावर देवळाच्या पायरीवर कुणीतरी गाठतंच. "सिस्टर, आपल्याकडं काय गरिबी कमी होती? लातूरला रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली, तेव्हा तुम्ही तिकडं आफ्रिकेत कुणाची तहान भागवत होतात?"

टोमणा आहे, पण प्रश्न खोटा नाही.

पाळकसाहेबांपुढं मी जे उत्तर देते ते असं. स्कॉटलंडच्या फ्री चर्चशी जोडलेल्या रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल गाव वसवलं. त्याच चर्चची माणसं 1875 साली मलावीच्या सरोवराकाठी पोचली. तिथल्या मंडळीच्या दवाखान्यात नर्स हवी आहे असं कळलं, तेव्हा वाटलं, चला, जुनं ऋण थोडं फेडून येऊ. ऐकायला बरं वाटतं हे. खरं सांगायचं तर मला देणारीण व्हायची हौस होती. आणि घरच्या माणसांत देणारीण होता येत नाही, इथं सगळे आपल्याला लहानपणापासून ओळखतात.

उत्तर मलावीत, सरोवरापासून थोडं वर, डोंगरात राहायचे मी. तिथली बोली तुंबुका. पहिल्याच आठवड्यात दोन शब्द पाठ झाले. 'ओडी', म्हणजे दाराबाहेरून घातलेली साद, आपलं "आहे का घरात कुणी?" आणि 'येवो', म्हणजे आभार. आपल्याकडं आईला कुणी धन्यवाद म्हणत नाही, म्हटलं तर तीच विचारेल, बरं वाटंना का? तिथं पाण्याचा पेला हातात दिला तरी येवो. तेही दोन्ही हात पुढं करून, गुडघे जरा वाकवून. एका हातानं घेणं म्हणजे उद्धटपणा. मी शब्द लगेच उचलला, हात मात्र एकच पुढं व्हायचा. दुसऱ्यात कायम काहीतरी असायचं, रजिस्टर नाहीतर पिशवी.

फेब्रुवारी 2016. तिकडं जानेवारी ते मार्च म्हणजे कणग्या रिकाम्या व्हायचे दिवस, जुना मका संपलेला आणि नवा अजून शेतात. त्यात त्या वर्षी एल निनोनं पाऊस पळवला होता. मलेरियानं आठ दिवस अंथरुणाला खिळून मी नुकती उठले होते, तोच दाराशी "ओडी!" शेजारची आगोगो. आगोगो म्हणजे आजी. तिच्या हातात कडेला टवके उडालेली एनॅमलची वाटी, आणि वाटीत तीन अंडी.

आता नर्सच्या डोक्यात काय आलं ते ऐका. हिच्या नातवाच्या दंडाला मी महिन्यापूर्वीच कुपोषण मोजायची पट्टी लावली होती. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळा. पोराचा दंड बारा, म्हणजे पिवळ्यात. ही अंडी त्याच्या पोटात जायला हवीत. म्हणून मी म्हटलं, "नको आगोगो, पोराला घाला." ती हलेना. मग मी पाचशे क्वाचाची नोट काढली. आपले पन्नासेक रुपये, तीन अंड्यांच्या मानानं भरपूर. स्वतःवर खूश होते मी तेव्हा.

तिनं नोट घेतली, ओट्यावर ठेवली, उडून जाऊ नये म्हणून वाटी तिच्यावर ठेवली, आणि येवोही न म्हणता गेली.

संध्याकाळी तिथल्या पाळकांच्या बायकोनं समजावलं. आवाज अजिबात न चढवता, तेच जास्त लागलं. "नातू किती बारीक आहे हे तुला पट्टी लावून कळलं. ती रोज त्याला पाठीशी बांधते. तिला माहीत नसेल? आजारी माणसाला बघायला आली होती ती. तू तिला अंडी विकणारी करून टाकलंस."

मला आठवली आमची आई. 72 च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची, रेशनवरची मिलो, ती लाल ज्वारी, आणि सुकडी खाऊन दिवस काढलेले. त्याबद्दल तिला विचारलं तर विषय बदलते. पण त्याच दिवसांत दारी आलेल्या कुणाला अर्धी भाकरी दिली हे मात्र नावगावासकट सांगते. मिलो घेतली हे तिच्या हिशेबात धरलेलंच नाही, अर्धी भाकरी धरलेली आहे. आगोगोचीही तीन अंडी तशीच होती आणि मी ती पाचशे क्वाचांत मिटवायला निघाले होते.

बायबलमधल्या गरीब विधवेनं जवळ होतं नव्हतं ते, दोन टोल्या म्हणजे दोन बारकी नाणी, दानपेटीत टाकली, त्यावर देवळात मी कितीतरी प्रवचनं ऐकली आहेत. त्या टोल्या कुणी तिला परत करायला धावलं असतं तर, हे कुठल्याच प्रवचनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अंडी उकडली आणि आगोगोला नातवासह जेवायला बोलावलं. पाहुणा म्हणून पोरानं माझ्या ओट्यावर बसून दोन अंडी खाल्ली, एक मी. नर्सचंही समाधान झालं. पुढच्या आठवड्यात तिच्या घरी मक्याची सिमा, म्हणजे घट्ट उकड, आणि भोपळ्याच्या कोवळ्या पानांची भाजी. भाजीत शेंगदाण्याचा कूट! मी दोन्ही हातांनी ताट घेतलं, दोनदा वाढून मागितलं. तिसऱ्यांदा मागायचीही इच्छा होती, पण पातेलं दिसत होतं.

एप्रिलमध्ये मलावीनं राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. मिरजेचं पाणी रेल्वेनं लातूरला पोचलं तेही त्याच महिन्यात. तेव्हा त्या वर्षी मी कुणाची तहान भागवत होते, याला माझ्याकडं चोख उत्तर नाही. मला मात्र पुष्कळांनी जेवू घातलं.

घरी आल्यावर आईला ही सगळी गोष्ट सांगितली. तिनं शेंगा फोडता फोडता ऐकली.

"आन् वाटी? रिकामीच दिलीस का माघारी?"

"नाही गं. शेंगदाण्याची चटणी घालून दिली."

"तिखट लागली आसंल बिचारीला."

"लागली. डोळ्यांतनं पाणी काढलं. चौथ्या दिवशी वाटी परत आमच्या ओट्यावर."

"काय होतं मंग वाटीत?"

"अंडी."